आधी हवा, मग झाड

अँथुरियम क्रिस्टलिनम, अँथुरियम वारोक्वेनम, फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम. गडद हिरवी मखमली पानं आणि त्यावर चांदीच्या तारेसारख्या शिरा. फोटो बघितले की घरातली एखादी खोली यांच्यासाठी रिकामी करावी असं वाटतंच. ही झाडं पनामा आणि कोलंबियाकडची. कोलंबियाच्या पश्चिमेला पॅसिफिकच्या काठाने चोको नावाचा पट्टा आहे, जगात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशांपैकी एक. तसल्या ओल्या अरण्यांत, मोठ्या झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खोडांवर किंवा भुसभुशीत पालापाचोळ्यात ही वाढतात. ऊन गाळून आलेलं, हवा सदा ओली, आणि मुळांपाशी मात्र पाणी कधी साचत नाही. पुण्या-नाशकाच्या फ्लॅटमध्ये एप्रिलच्या दुपारी याच्या बरोबर उलट परिस्थिती असते.

म्हणून खोली तयार करायची म्हटलं की लोक आधी दिवे घेतात, मग झाडं मागवतात, आणि पानांच्या कडा करपायला लागल्या की ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) शोधतात. हा क्रम उलटा आहे. सगळ्यात अवघड आणि खर्चिक गोष्ट म्हणजे ओली हवा धरून ठेवणं. तिचा हिशेब आधी झाला पाहिजे, कारण खोली घ्यायची की नाही हेही त्यातूनच ठरतं.

हिशेब तसा सोपा आहे. बाहेर ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा घरात येऊन २८ अंशांवर आली, तर तिची आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास भरते. आपल्याला हवी ७५ टक्के. २८ अंशांवर ७५ टक्के म्हणजे घनमीटरमागे सुमारे २० ग्रॅम. म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेत ११ ग्रॅम पाणी घालावं लागणार. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साडेपंचवीस घनमीटर. सगळी हवा एकदा बदलली की साधारण ३०० मिली पाणी गेलं. दाराखालची फट, खिडकीच्या स्लायडिंगची फट, कोणी दार उघडून आत-बाहेर केलं, एवढ्यानंही खोलीतली हवा तासाला एकदा सहज बदलते. दिवसाचे झाले सात लिटर. घरगुती ह्युमिडिफायर तासाला २५० ते ३०० मिली पाणी फेकतो. तो चोवीस तास पूर्ण ताकदीने चालवला तरी जेमतेम बरोबरी होईल, आणि त्याची टाकी दिवसातून दोनतीनदा भरावी लागेल.

आता हाच हिशेब १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १८० उंच अशा, झाडं वाढवायच्या बंद तंबूचा (ग्रो टेंटचा) मांडून बघा. आकारमान १.३ घनमीटर. हवा एकदा बदलायला लागणारं पाणी १५ मिली, म्हणजे तीन चमचे. झिप नीट लावली असेल तर हवा बदलतेही कमी. म्हणून माझं ठाम मत आहे की देशावर राहणाऱ्याने खोली ओली करायच्या भानगडीत पडू नये. खोलीत एक पेटी उभी करावी आणि पेटीपुरती हवा सांभाळावी. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात हवा मुळातच ओली असते. तिथे यातली बरीच झाडं पावसाआड, शेडनेटखाली गॅलरीत चालतात आणि पेटी लागलीच तर कोरड्या महिन्यांपुरती लागते.

खोली ओली न करण्याचं आणखी एक कारण म्हणजे भिंती. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या जरा वर असतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणार. पलीकडच्या बेडरूममध्ये एसी २२ वर चालत असेल तर मधली भिंत गार होते, आणि आपल्या बाजूने तिच्यावर न दिसणारी ओल धरत राहते. काही आठवड्यांत रंगाला फुगे येतात, पुट्टी सुटते, कपाटामागे काळी बुरशी चढते. ती वाढेपर्यंत कळत नाही, कारण ती कपाटामागे असते. खोलीत पुस्तकं, गाद्या, लाकडी फर्निचर असेल तर त्यांचंही तेच. तंबू भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा, म्हणजे मागून हवा फिरते.

बंद काचेत परदेशी झाडं जगवण्याची कल्पना काही आजची नाही. नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनमधले डॉक्टर. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेत नेचे टिकत नव्हते. १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीत, आतल्या मातीतून नेचा उगवलेला त्यांना दिसला. बाटलीतलं पाणी काचेवर जमून परत मातीत उतरत होतं आणि धूर आत येत नव्हता. १८३३ मध्ये त्यांनी काचबंद पेट्यांतून सिडनीला झाडं पाठवली आणि ती कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून जिवंत पोचली. पुढे वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. वॉर्ड यांच्या पेटीत ना पंखा होता ना दिवा. नुसती हवा कोंडून धरली होती, आणि सगळ्यात मोठं काम तेवढ्यानेच झालं होतं.

तंबूच घ्यावा असंही नाही. काचेचं शोकेससारखं कपाट, दाराच्या फटींना फोमची पट्टी लावून, दिसायला जास्त छान असतं आणि दिवाणखान्यात ठेवता येतं. पण त्यात उंची कमी पडते, आणि वारोक्वेनमचं पान मोठ्या झाडावर मीटरभरही लांब होतं. तंबूला आतून चकचकीत अस्तर असतं, त्यामुळे बाजूला जाणारा प्रकाशही पानांवर परत येतो. बाहेरून तो काळा असतो, त्याचाही फायदा पुढे सांगतो. आत स्टीलच्या जाळीचा दोन मजली रॅक ठेवावा. लाकडी किंवा प्लायचा रॅक आत नेऊ नये, तो फुगतो.

दिव्यांसाठी वॅट बघू नयेत, पानावर किती प्रकाश पोचतो ते बघावं. मखमली अँथुरियमना दिवसभरात साधारण ४ ते ६ मोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रति चौरस मीटर प्रकाश पुरतो. मोलमध्ये मोजणारं मीटर महाग असतं, लक्समीटर स्वस्त. साध्या ४००० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ६७ ने भागलं की दर सेकंदाचे मायक्रोमोल मिळतात. त्याला तासांनी आणि ०.००३६ ने गुणलं की दिवसाचे मोल. पानाच्या उंचीवर ७,८०० लक्स मिळत असतील तर साधारण ११५ मायक्रोमोल, आणि १२ तासांचे जवळपास ५ मोल. बरोबर मधोमध.

एवढे लक्स मिळवायला १२० बाय ६० च्या एका मजल्यावर चार फुटी, २० वॅटच्या चार एलईडी बॅटन पुरतात. वॅटमागे १०० ल्युमेन धरले तर ८,००० ल्युमेन, त्यातले ७० टक्के पानांवर पोचले असं मानलं तर ७,८०० लक्स. चारही मधे दाटीने लावू नयेत. दोन मधे आणि दोन अगदी कडेला लावल्या की कोपऱ्यातल्या कुंड्या अंधारात राहत नाहीत. पानांपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं. जांभळ्या प्रकाशाच्या दिव्यांची काही गरज नाही. पांढऱ्या प्रकाशात झाड तितकंच चांगलं वाढतं आणि वर पानाचा खरा रंग दिसतो. जांभळ्यात कोवळ्या पानावरची पहिली पिवळी छटा किंवा किडीचा पहिला चट्टा दिसतच नाही, आणि तो पहिल्या आठवड्यातच दिसायला हवा असतो. प्रकाश जास्त झाला की मखमली पानाची झिलई जाते, ते फिकट, ताठ आणि आखूड देठाचं येतं. कमी पडला की देठ लांबतात आणि नवं पान जुन्यापेक्षा लहान निघतं. लक्समीटरपेक्षा हे दोन इशारे जास्त भरवशाचे.

दोन मजल्यांचे झाले १६० वॅट, दिवसाला दोन युनिटला थोडं कमी. पंखे आणि ह्युमिडिफायर धरून महिन्याला सत्तर-पंचाहत्तर युनिट होतात. घरचा वापर आधीच १०० किंवा ३०० युनिटच्या उंबरठ्यावर असेल तर ही भर वरच्या टप्प्याच्या दराने बसते, तेव्हा आधी गेल्या वर्षाची बिलं काढून बघावीत.

दिव्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. बंद तंबूत १६० वॅट जळत असतील तर आतलं तापमान खोलीपेक्षा साधारण ५ अंशांनी वर जातं. डिसेंबरात ही देणगीच. मे महिन्यात खोली ३२ वर असेल तर आत ३७, आणि ३२ च्या वर ही झाडं कुरकुरायला लागतात. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे दिवस फिरवणं. उन्हाळ्याचे तीन महिने दिवे संध्याकाळी सातला लावावेत आणि सकाळी सातला बंद करावेत. खोलीतली सगळ्यात गार वेळ दिव्यांच्या वाट्याला येते, आणि दुपारच्या उकाड्यात तंबूत अंधार राहतो. काळं आवरण कामाला येतं ते इथे. यात एक तोटा आहे. झाडाची रात्र गार होत नाही, त्यामुळे वाढ थोडी मंदावते. तरीही करपण्यापेक्षा मंदावलेलं परवडतं. त्या खोलीत एसी लावणारच असाल तर २६-२७ वर लावावा आणि तंबूची झिप बंद ठेवावी. एसी हवेतलं पाणी काढूनच घेतो. तंबू उघडा ठेवून एसी आणि ह्युमिडिफायर दोन्ही चालवले तर एक भरतो आणि दुसरा उपसतो, बिल दोघांचं.

ह्युमिडिफायर तंबूच्या बाहेर ठेवावा आणि तुषार दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपातून आत सोडावेत. टाकी भरायला सोपी जाते आणि वीज ओलाव्यापासून लांब राहते. पाइप तंबूकडून यंत्राकडे उतरता हवा, म्हणजे आत जमलेले थेंब टाकीतच परत येतात. मधे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, तुषार अडतात, आणि यंत्र चालू असूनही आर्द्रता का चढत नाही हे शोधण्यात दिवस जातात.

पाण्याबद्दल तडजोड करू नये. अल्ट्रासोनिक यंत्र पाण्याची वाफ करत नाही, पाणी फोडून त्याचे बारीक कण उडवतं, आणि त्या कणांबरोबर क्षारही उडतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आठवडाभरात काळ्याभोर मखमली पानांवर पांढरी पूड दिसते. गुळगुळीत पान पुसता येतं. मखमली पान पुसलं की त्याची लव मोडते आणि तो डाग कायमचा राहतो. मऊ, कोरड्या ब्रशने झटकता येतं तेवढंच. आरओचं पाणी वापरावं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या पेनवर ५० च्या खाली आलेलं. पावसाचं गाळून साठवलेलंही उत्तम. एसीच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस कमी असतो, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि शेवाळ उतरतं, म्हणून ते कुंडीला चालेल, ह्युमिडिफायरला नको. टाकी आणि आतली चकती दर आठवड्याला लिंबूसत्वाच्या पाण्याने धुवावी. बुळबुळीत झालेल्या टाकीतलं पाणी तुम्ही स्वतः श्वासातून घेत असता.

यंत्र चालू-बंद करायला आर्द्रतेचा कंट्रोलर लागतो. ७४ ला चालू, ८२ ला बंद, असं अंतर ठेवावं. ७७ आणि ७८ असं जवळ लावलं तर यंत्र मिनिटामिनिटाला फडफडत राहतं आणि कंट्रोलरमधला स्विच, म्हणजे रिले, लवकर जातो. सेन्सर पानांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट खाली नाही आणि तुषारांच्या झोतातही नाही, असा टांगावा. झोतात टांगलेला सेन्सर ९५ दाखवून यंत्र बंद करतो आणि खालच्या मजल्यावर ५५ असतात.

हे स्वस्त मीटर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात. पडताळायला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात जेमतेम ओला चिखल होईल इतकं पाणी घालायचं. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवायचं. घरातल्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर सकाळी ६९ दाखवत असेल तर त्यावर पेनाने ‘अधिक ६’ लिहून ठेवायचं. सगळी व्यवस्था या एका आकड्यावर उभी असताना तो आकडा न तपासता झाडं आत नेणं मला पटत नाही.

ओली हवा थांबली की सडते. म्हणून पंखा चोवीस तास. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा एक पंखा प्रत्येक मजल्यावर पुरेसा आहे. झोत पानांवर न मारता अस्तरावर किंवा छताकडे मारावा. पानं जेमतेम हलली पाहिजेत. रात्री पंखा बंद ठेवण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच तो लागतो. माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण) ओलं आणि हवाही ओली असेल तर अँथुरियम रात्री पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब बाहेर टाकतं. झान्थोमोनास नावाचा जिवाणू याच छिद्रांतून आत शिरतो. आधी कडेला पाणी मुरल्यासारखे डाग, मग भोवती पिवळी कड, मग तो भाग तपकिरी. १९८० च्या दशकात हवाईतली अँथुरियमची शेती या रोगाने मोडकळीला आली होती. यावर खात्रीचं औषध नाही. डाग दिसला की पान देठासकट कापायचं, कात्री दर कापाला स्पिरिटने पुसायची, आणि झाड तंबूबाहेर काढायचं. दुसऱ्या पानावरही डाग आला तर झाड टाकून द्यावं. जीव तुटतो, पण शेजारची झाडं वाचतात.

माध्यमाबाबत एकच तत्त्व आहे, मुळांना हवा मिळाली पाहिजे. नारळाच्या सोडणाचे एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे तीन भाग, जाड परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) दोन भाग, लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे एक भाग, आणि ओल धरायला थोडं स्फॅग्नम मॉस. बारीक कोकोपीट यात घालू नये. ते खाली बसतं, आणि कुंडीच्या तळाशी जो ओला थर असाही राहतोच, तो दुप्पट होतो. नारळाच्या तुकड्यांत सोडियम आणि पोटॅशियम धरलेलं असतं. नुसतं धुऊन ते सगळं जात नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारं कॅल्शियम नायट्रेट १० लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम घालून त्यात तुकडे रात्रभर भिजवावेत, मग आरओच्या पाण्याने दोनदा धुवावेत. हे टाळलं तर तुकडे खतातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतात, आणि नवं पान वाकडंतिकडं, टोकाला काळं येतं. लोक त्याला बुरशी समजून फवारत बसतात.

कुंडी पारदर्शक असावी, चार-पाच इंची, तळाला आणि बाजूला भोकं पाडलेली. मुळं पांढरी आणि घट्ट दिसली की काळजी नाही, तपकिरी दिसून बोटाने दाबल्यावर साल सुटली की सड लागली. ग्लोरिओसमची गोष्ट वेगळी. त्याचं खोड जमिनीवर आडवं सरपटतं. त्याला लांबट, उथळ भांडं द्यावं आणि खोड माध्यमाच्या वर ठेवावं. ते पुरलं की कुजतं.

पेटीत कुंडी सावकाश सुकते. बाहेर दोन दिवसांत सुकणाऱ्या कुंडीला आत पाच-सात दिवस लागतात. वारावर पाणी घालू नये, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. खत अगदी हलकं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, एकाआड एक पाण्याला. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं आणि आरओच्या पाण्यातही नसतं, म्हणून मधल्या पाण्याला कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला पाव ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट इतर दोघांबरोबर एकाच घट्ट द्रावणात कालवू नये, तळाला पांढरा साका बसतो आणि तो झाडाला मिळत नाही.

हे सगळं जमलं की नाही ते नव्या पानावर कळतं. क्रिस्टलिनमचं नवं पान निघतं तेव्हा त्याचा आपल्याला माहीत असलेल्या हिरव्याशी काही संबंध नसतो. ते तांबूस असतं, ओल्या रेशमासारखं मऊ, आणि देठाला उलटं लोंबतं. शिरा असतात, पण त्यांचं पांढरेपण अजून उठलेलं नसतं. दोन ते तीन आठवडे ते असंच वाढतं, हळूहळू हिरवं होतं, मग मखमल येते, आणि शेवटी शिरा उजळतात. या दिवसांत आर्द्रता एक दुपारभर ४० वर आली तरी आवरणात अडकलेलं पान फाटून बाहेर पडतं. शेजारच्या रॅकच्या दांड्याला घासलं तर तिथे तपकिरी रेघ उमटते, आणि पान आहे तोवर, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, ती रेघ राहते. म्हणून नवं पान दिसलं की कुंडी फिरवून त्याच्याभोवती मोकळी जागा करून द्यावी. त्या पानाला हात लावू नये, कितीही वाटलं तरी.

किडी बाहेरून येतात, विकत घेतलेल्या झाडावर बसून. नवं झाड चार आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवावं. फुलकिडे सगळ्यात चिवट. त्यांची अंडी पानाच्या आत असतात, पिल्लं पानावर, आणि कोशावस्था बहुधा माध्यमात. एका फवारणीत यातली एकच अवस्था मरते. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या, आणि माध्यमावरही. कडुनिंबाचं तेल मखमली पानावर डाग पाडू शकतं, तेव्हा आधी एका जुन्या पानावर बघावं, आणि दिवे बंद असतानाच फवारावं. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसले तर फुलकिडे, पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड. कोळी कोरड्या हवेत माजतो. पेटीत तो दिसला तर आर्द्रता कुठेतरी पडते आहे असं समजावं.

विजेचं काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावं. त्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), चालू स्थितीतलं अर्थिंग, आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नाही तर भिंतीवर, तंबूच्या बाहेर. आत जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेऊन मग सॉकेटकडे वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाशी टपकतं. वीज गेली तर दिवे गेले तरी चालतात. पंखे इन्व्हर्टरवर असावेत. उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर झिप चार बोटं उघडावी.

एवढं झाल्यावरही झाडं लगेच आणू नयेत. पेटी आठवडाभर रिकामी चालवावी. रिकामी म्हणजे आत ओल्या माध्यमाच्या कुंड्या आणि एखादा मनीप्लांट, एवढंच. रोज सकाळी मीटरवरचे कमाल-किमान आकडे लिहावेत. टाकी किती वेळाने संपते, पहाटे तापमान किती उतरतं, खालचा मजला आणि वरचा मजला यांत फरक किती, हे त्या आठवड्यात कळतं. आठवड्यात एकदाही ६५ च्या खाली आणि ३२ च्या वर गेलं नाही, की मग पहिलं झाड.

पहिलं झाड क्रिस्टलिनम किंवा क्लॅरिनर्व्हियम घ्यावं. क्लॅरिनर्व्हियम मेक्सिकोतल्या चुनखडीच्या खडकांवरचं, पान जाडसर, थोडा कोरडेपणा सोसणारं. वारोक्वेनम वर्षभर तरी थांबू दे. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, रोपं स्वस्त पडतात, पण बाटलीतल्या शंभर टक्के ओल्या हवेत वाढल्यामुळे त्यांच्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. मुळांवरची जेली कोमट पाण्याने पूर्ण धुवावी, नाहीतर तिच्यावर बुरशी धरते. मग ती झाकणाच्या डब्यात ओल्या मॉसवर ठेवून तीन-चार आठवडे झाकण रोज थोडं जास्त उघडत न्यावं, आणि मगच पेटीत.

परदेशातून मागवायचं असेल तर वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. ‘कागद लागत नाहीत, पाकिटात पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. त्या पाकिटातून झाडाबरोबर काय येईल सांगता येत नाही, आणि ते आपल्या पेटीपुरतं राहील असंही नाही. ऑर्किड आणि घटपर्णी यांच्या व्यापारावर याखेरीज आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते आपल्या कायद्यातही आले आहेत. मेघालयातली घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, तर सर्वांत कडक यादीत आहे. ती घ्यायचीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलीच, आणि तसा कागद असलेली.

जून उजाडला की सगळं उलटं करावं लागतं. बाहेरच ८५-९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा ह्युमिडिफायर बंद करून, धुऊन, वाळवून ठेवावा. झिप दिवसा अर्धी उघडी. मजल्यागणिक आणखी एक पंखा. पाणी निम्म्यावर, खत तितकंच. पानांच्या कडा रोज सकाळी बघाव्यात, कारण झान्थोमोनासचा मोसम हाच. पेटीतली आर्द्रता ९० च्या वर दोन दिवस राहिली तर खोलीतला एसी ड्राय मोडवर दिवसातून तासभर चालवावा, आणि त्या तासापुरती झिप पूर्ण उघडी ठेवावी.